कणकुंबीला टाकलेली पिशवी मिरामारला कशी पोचते?

दर पावसाळ्यात गोव्याच्या आणि कारवारच्या किनाऱ्यांचे तेच फोटो फिरतात: लाटांनी वाळूवर आणून टाकलेल्या बाटल्या, चपला, गुटख्याच्या पुड्या, जाळ्यांचे गुंते. त्यात २५ मे २०२५ला कोचीजवळच्या समुद्रात ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज ६४० कंटेनर घेऊन बुडालं आणि काही दिवसांतच केरळच्या वाळूवर साबुदाण्यासारखे पांढरे प्लास्टिकचे दाणे येऊन पडले. बेळगावात बसून या बातम्या वाचल्या की मनात येतं, हा गोवेकरांचा, केरळवाल्यांचा प्रश्न. आपल्याकडे समुद्र कुठे आहे?

समुद्र नाही, पण समुद्राकडे जाणारं पाणी आपल्याच डोंगरावरून सुटतं. त्यामुळे हा विषय किनाऱ्यापेक्षा घाटमाथ्यावरून जास्त नीट समजतो.

आढ्यावरचा तालुका

कौलारू घराच्या आढ्यावर पडलेला थेंब एका बाजूला अंगणात जातो, दुसऱ्या बाजूला परसात. दोन बोटांच्या फरकाने वाट बदलते. खानापूर तालुका असाच आढ्यावर बसला आहे. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते, पूर्वेकडे जाते, कुडलसंगमला कृष्णेला मिळते, आणि ती कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात जाते. त्याच कणकुंबीच्या परिसरातला कळसा नाला म्हादईच्या खोऱ्यातला. देगावकडे, भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई गोव्यातल्या सत्तरीत उतरते, पुढे मांडवी या नावाने वाहते आणि पणजीला मिरामारच्या वाळूपाशी अरबी समुद्राला मिळते. गोव्यातला तिचा प्रवास साधारण ५२ किलोमीटरचा.

म्हणजे एकाच गावातल्या दोन पिशव्या दोन वेगळ्या समुद्रांच्या वाटेला लागू शकतात.

पश्चिमेची वाट फार लहान आहे. पुरात नदीच्या पाण्याचा वेग सेकंदाला मीटरभर धरला, तरी तरंगणारी वस्तू चोवीस तासांत ८६ किलोमीटर जाते. वज्रपोहा धबधब्याजवळ रविवारी सोडून दिलेलं चिप्सचं पाकीट झुडपात अडकलं नाही, तर पुढच्या एक-दोन दिवसांत गोव्यात असू शकतं. खाली गेल्यावर भरतीचं पाणी त्याला मागे रेटतं आणि चोडण-दिवाडीच्या खारफुटीत बरंच काही अडकून राहतं. तिथे मुळांच्या जाळीत रुतलेलं प्लास्टिक काढणं वाळूवरून उचलण्यापेक्षा कितीतरी कठीण, कारण चिखलात पाऊल टाकलं की खारफुटीची श्वासमुळं मोडतात.

“पण पूर्वेकडे धरणं आडवी आहेत ना?”

हा आक्षेप खरा आहे. बेळगाव शहराचं सांडपाणी आणि कचरा घेऊन जाणारा बळ्ळारी नाला मार्कंडेय-घटप्रभेच्या खोऱ्यात जातो. घटप्रभा कृष्णेला मिळते आणि पुढे आलमट्टी, नारायणपूर, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी रांगच उभी आहे. शहापूरच्या गटारात पडलेली पिशवी हंसलदीवीला पोचण्याची शक्यता फार कमी. पण ती नाहीशी होत नाही. ती नाल्याच्या काठच्या शेतात, बंधाऱ्याच्या फळ्यांमध्ये, जलाशयाच्या गाळात राहते. वडगाव-शहापूरच्या भातशेतीत पूर ओसरल्यावर बांधांवर लटकलेल्या चिंध्या म्हणजे समुद्रापर्यंत न पोचलेलं तेच प्लास्टिक.

जगभरात दर वर्षी साधारण ४० कोटी टन प्लास्टिक बनतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा अंदाज असा, की त्यातलं सुमारे १.९ ते २.३ कोटी टन नद्या, तलाव आणि समुद्र मिळून सगळ्या पाण्यात उतरतं. समुद्रात जाणारा भाग त्याहून कमी. याचा अर्थ बराच माल वाटेतच, म्हणजे आपल्या शेता-तळ्यांत मुरतो. समुद्राची काळजी वाटत नसेल त्याने एवढ्यासाठी तरी पुढचं वाचावं.

काय तरंगतं, काय बुडतं: घरातला प्रयोग

किनाऱ्यावर बाटल्यांपेक्षा झाकणं जास्त का दिसतात, हे कळायला एक पातेलं पुरतं. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. हे झालं साधारण समुद्राचं पाणी. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. तो नसेल तर बारीक तुकडे पाण्याच्या पृष्ठभागावरच चिकटून राहतात आणि प्रयोग फसतो. आता पाच गोष्टी घ्या: पाण्याच्या बाटलीचं झाकण, त्याच बाटलीच्या अंगाचा कापलेला तुकडा, दुधाच्या पिशवीचा तुकडा, थर्माकोलचा चुरा आणि नायलॉनच्या दोरीचा तुकडा. प्रत्येक तुकडा पाण्याखाली धरून बोटाने चोळा, म्हणजे चिकटलेली हवा निघून जाईल. मग सोडा.

झाकण, दुधाची पिशवी आणि थर्माकोल वर येतात. बाटलीचा तुकडा आणि नायलॉन तळाला जातात. कारण साधं आहे. झाकण आणि पिशवी पॉलिथीन-पॉलिप्रॉपिलीन जातीच्या हलक्या प्लास्टिकची, पाण्यापेक्षा हलकी. बाटलीचं अंग ‘पेट’ नावाच्या जड प्लास्टिकचं, घनता १.३८ च्या आसपास. समुद्राच्या पाण्याची १.०२५.

झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली आतल्या हवेवर होडीसारखी दूर जाते. झाकण उघडं असेल तर पाणी भरून ती नदीच्या तोंडाशीच बुडते आणि झाकण एकटं पुढे निघतं. तरंगणाऱ्या तुकड्यांवरही काही आठवड्यांत शेवाळ आणि शिंपल्यांची पिल्लं बसतात. वजन वाढलं की तेही खाली जातात. वाळूवर दिसतो तो फक्त वर राहिलेला हिस्सा, बाकीचा माल तळाशी. किनाऱ्यावर उचललेल्या पोत्यांवरून समुद्रातल्या कचऱ्याचा हिशेब करणं म्हणजे दुधावरची साय मोजून दूध किती ते सांगण्यासारखं.

पावसाळ्यातच एवढा ढीग का येतो, त्याला तीन कारणं आहेत. नद्या वर्षभराचं साठलेलं एकदम बाहेर ओततात, नैर्ऋत्येकडून येणाऱ्या उंच लाटा ते परत वाळूवर फेकतात, आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह या काळात दक्षिणेकडे वाहतो, म्हणून गोव्याचं काही कारवारला जातं. हिवाळ्यात हाच प्रवाह उलटा, उत्तरेकडे वळतो. मग वेंगुर्ला-मालवणची पाळी. कुठल्या गावचा कचरा कुठल्या गावाला हे भांडण म्हणूनच सुटत नाही.

वाळू म्हणजे जातं

गच्चीवर दोन उन्हाळे पडलेली निळी ताडपत्री हातात धरली की काय होतं आठवा. घडी मोडताच पापुद्रे सुटतात आणि बोटांना निळी पूड लागते. ताडपत्री नष्ट झालेली नसते, तिचे फक्त तुकडे होतात. प्लास्टिक म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या अतिशय लांब दोऱ्यांचा पुंजका. ऊन हे दोरे जागोजागी तोडतं, उष्णतेने ती मोडतोड वेगाने होते, मग जरा घासलं की तुकडा पडतो.

किनाऱ्यावर हे तिन्ही एकत्र आहेत: वरून ऊन, खालून तापलेली वाळू, आणि लाटेबरोबर मागे-पुढे घासणं. थंड, अंधाऱ्या खोल पाण्यात तीच पिशवी कितीतरी जास्त काळ अखंड राहते. म्हणून वाळूवर आलेलं प्लास्टिक तिथेच पडू देणं सर्वांत वाईट. दर भरतीला ते थोडं थोडं दळलं जातं आणि पीठ परत समुद्रात जातं. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. तुरीच्या डाळीपासून डोळ्यांना न दिसणाऱ्या कणापर्यंत सगळं त्यात आलं.

‘बाटली विरघळायला ४५० वर्षं लागतात’ असे तक्ते शाळांच्या भिंतीवर असतात. प्लास्टिक सर्रास वापरात येऊन साधारण सत्तर वर्षं झालीत, त्यामुळे हा आकडा कुणी मोजलेला नाही, तो अंदाज आहे. मोजून सांगता येण्यासारखी गोष्ट वेगळी: दोन-तीन उन्हाळ्यांत पिशवीचे इतके तुकडे होतात की ती माणसाच्या हाताने गोळा करण्याच्या पलीकडे जाते. उचलण्याची मुदत तेवढीच.

जहाजातले पांढरे दाणे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत मोल्डिंगचं काम पाहिलेल्यांना ‘दाणा’ हा शब्द नवा नाही. बादली असो की खुर्ची, प्लास्टिकची बहुतेक प्रत्येक वस्तू या दोन ते पाच मिलिमीटरच्या दाण्यांपासून होते. माल २५ किलोच्या पोत्यांतून येतो. केरळच्या किनाऱ्यावर आले ते हेच. त्याआधी २०२१ मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ जहाज जळालं तेव्हा सुमारे १,६८० टन दाणे समुद्रात गेले.

हे दाणे मुळातच मायक्रोप्लास्टिकच्या मापाचे, त्यामुळे झाडूने किंवा यंत्राने निघत नाहीत. काढायची रीत अशी: भरतीच्या रेघेजवळची वरची दोन-तीन सेंटिमीटर वाळू कोरडी असताना खरवडायची, आधी पाच मिलिमीटरच्या आणि मग एक मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायची, चाळणीत राहिलेलं मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकून ढवळायचं. दाणे वर तरंगतात, शंख-शिंपले आणि खडे खाली बसतात. ओल्या वाळूत चाळणी लगेच बुजते, म्हणून सकाळच्या घाईत हे काम नीट होत नाही.

आणि जहाजच बुडायला हवं असं नाही. फाटक्या पोत्यातून कारखान्याच्या दारात सांडलेले दाणे पहिल्या पावसात गटारात जातात. दाराशी गटाराच्या तोंडावर एक मिलिमीटरची जाळी आणि सांडल्याबरोबर कोरडा झाडू, एवढ्यावर हे थांबतं. पाणी मारून धुणं हीच चूक होते.

बांगडा खायचा की नाही?

बेळगावच्या बाजारात येणारा बहुतेक समुद्री मासा गोवा-कारवारकडचा, तेव्हा हा प्रश्न रास्त आहे. माशाने गिळलेले कण मुख्यतः त्याच्या पोटा-आतड्यात असतात. बांगडा, सुरमई साफ करताना तो भाग आपण काढूनच टाकतो. अख्खं खाल्लं जातं त्याचा विचार जास्त करायला हवा: बारीक सुकी मासळी, तिसऱ्या, शिनाणे. शिंपल्यातला जीव पाणी गाळूनच पोट भरतो, त्यामुळे पाण्यातलं सगळं त्याच्यात येतं.

मीठसुद्धा यात आहे. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये भारतीय कंपन्यांच्या मिठात हे कण दाखवले आणि समुद्राचं पाणी मिठागरात घेण्याआधी साध्या वाळूतून गाळलं तर वजनाने ८५ टक्क्यांहून जास्त कण जातात असंही सांगितलं. २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांना माणसाच्या रक्तात प्लास्टिकचे कण सापडले. शरीराचं त्याने नेमकं किती बिघडतं यावर संशोधन चालू आहे. मासे सोडा असं सांगण्याइतका पुरावा आज नाही. घरात गरम आमटी प्लास्टिकच्या डब्यात ओतणं मात्र आजच बंद करता येतं.

“बंदी तर केव्हाच झाली”

झाली. कर्नाटकाने मार्च २०१६ मध्ये पिशव्यांवर बंदी घातली, महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचा थर्माकोल, मिठाईच्या खोक्यावरचं आवरण अशा वस्तू बंद आहेत. केंद्राच्या नियमाने पिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हातात घेतल्यावर चुरचुर वाजणारी भाजीवाल्याकडची पातळ पिशवी या मापाच्या जवळपासही नसते.

पण बंदीच्या यादीत नसलेली एक वस्तू आपल्या गटारांत सर्वांत जास्त दिसते: पुडी. शाम्पूची, चिप्सची. तिच्यात प्लास्टिक, ॲल्युमिनियमचा किंवा चांदीसारखा चकचकीत थर आणि परत प्लास्टिक असे पदर चिकटवलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला घेत नाही. एक लिटरच्या पन्नास-साठ रिकाम्या बाटल्या गोळा केल्या की किलो भरतो आणि त्याचे पैसे मिळतात. शाम्पूच्या पुड्या किलोभर व्हायला हजारेक वेचाव्या लागतात आणि त्याचं काहीच मिळत नाही. कचरा वेचणाऱ्या बाईने वाकून पुडी का उचलावी? ही जबाबदारी नियमाने उत्पादकावर आहे: जेवढं वेष्टन बाजारात आणलं, त्याच्या प्रमाणात परत गोळा करून विल्हेवाट लावायची. ती खेड्यातल्या पानपट्टीपर्यंत पोचत नाही, हे या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत मोठं भोक आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

“हिरवी, विरघळणारी पिशवी वापरू”

दोन पिशव्यांत गल्लत होते. कापडासारखी दिसणारी, लग्नात आहेर घालून देतात ती रंगीत पिशवी बहुधा कापडाची नसते. तिचा एक धागा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. कापूस जळून राख होते, हा धागा वितळून कडक मणी होतो. तो पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे झाकणाचाच भाऊ.

दुसरी, कंपोस्ट होणारी पिशवी. ती खरोखर कुजते, पण त्यातल्या पुष्कळ पिशव्यांना साठ अंशांच्या आसपास तापलेला मोठा खतप्रकल्प लागतो. नाल्यात किंवा समुद्रात तेवढी उष्णता कुठून येणार? तिथे ती साध्या पिशवीसारखीच कासवाच्या पोटात जाते. ‘ऑक्सो’ म्हणून विकली जाणारी पिशवी तर फक्त लवकर फुटते, म्हणजे मायक्रोप्लास्टिकचा रस्ता जवळ करते.

जाळण्याबद्दल थोडक्यात: परसात पेटवलेल्या ढिगात पीव्हीसीचा तुकडा असला की डायऑक्सिनसारखी विषं धुरात येतात. पाणी तापवायच्या चुलीत दुधाची पिशवी घालणं बंदच करा.

किनारा साफ केला की झालं?

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारे स्वच्छ केले जातात. २०२२ मध्ये आपल्याकडे ५ जुलै ते १७ सप्टेंबर असे ७५ दिवस मोहीम चालली. हे करावंच, कारण वाळूवरून उचललेलं निदान दळलं जात नाही. पण उचललेल्या मालाचं पुढे काही होत नाही. त्यात मीठ, वाळू आणि शिंपले असतात, ऊन खाऊन तो ठिसूळ झालेला असतो, वितळवला तर हलक्या प्रतीचा माल निघतो. तीच बाटली बेळगावच्या घरातून कोरडी, स्वच्छ निघाली असती तर भंगारात पैसे आले असते.

गोव्याला सहलीला गेल्यावर तासभर हात लावायचा असेल तर ओहोटीला जावं आणि भरतीच्या रेघेवर चालावं. समुद्री शेवाळ उचलू नये, त्यात खेकडे आणि पक्ष्यांचं खाणं असतं. अर्धं पुरलेलं जाळं ओढू नये. ओढलं की हात कापतो आणि जाळं तुटून अर्धं आत राहतं. चाकूने वाळूच्या पातळीला कापावं. यंत्राने किनारा खरवडणाऱ्यांना मोरजी, आगोंद, गालजीबागसारख्या जागी थांबवावं. तिथे कासवं अंडी घालतात.

नाल्यावर अडवायचं असेल तर

गावोगावी कुणीतरी नाल्यावर आडवी जाळी बांधतं आणि पहिल्याच मोठ्या पावसात ती फुटते. बळ्ळारी नाल्यासारख्या, जलपर्णीने आधीच गच्च झालेल्या ठिकाणी तर काटकोनात बांधलेली जाळी शेतात पाणी घुसवते. तिथे जलपर्णी काढल्याशिवाय काहीच बांधू नये.

जमेल अशी रीत म्हणजे तिरका तरंगता अडसर. हवाबंद पीव्हीसी पाइप किंवा बुच घट्ट लावलेले कॅन दोरखंडात ओवायचे, खाली जेमतेम एक-दीड फूट जाळीची झालर सोडायची, आणि प्रवाहाशी तीस ते पंचेचाळीस अंशांचा कोन राहील असं एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे बांधायचं. तरंगता कचरा अडसराला घासत खालच्या काठाला सरकतो आणि माणूस काठावर उभा राहून दाताळ्याने ओढू शकतो. पाणी झालरीखालून मोकळं जातं. दोरी खांबाला कायमची न बांधता सैल सोडता येईल अशी ठेवायची, पुरात एक टोक सुटलं तरी दुसऱ्याला अडसर धरून राहतो. मे महिन्यात नाला रिकामा करून घ्यायचा, कारण पहिल्या दोन-तीन पावसांतच वर्षाचा मोठा हिस्सा वाहून येतो. आठवड्यातून दोनदा उपसणारा माणूस ठरलेला नसेल तर अडसर बांधूच नका. कुजलेला ढीग एकदम सुटला की खालच्या गावाला सगळं एकाच दिवशी मिळतं.

चोर्ल्याकडे निघताना

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, एका बाजूला जोडलेला राहू द्या. तो चिमूटभर तुकडा कुठल्याच चाळणीत, कुठल्याच भंगारात सापडत नाही. पिशवी धुऊन, उलटी वाळवून सुक्या कचऱ्यात द्या. ओली दिली तर आंबते आणि सगळ्या गठ्ठ्याचा भाव पडतो. पुड्या एका मोठ्या पिशवीत दाबून भरून द्या, सुट्या दिल्या की गाडीतून उडतात.

जांबोटीमार्गे पावसाळी सहलीला जाताना गाडीत दोन पोती ठेवा, एक बाटल्यांना, एक बाकीच्याला. बाटल्यांची झाकणं घट्ट लावून टाका, म्हणजे झाकण बाटलीबरोबरच राहतं. धबधब्याजवळच्या भरलेल्या कचराकुंडीत किंवा तिच्या शेजारी काही ठेवू नका. माकडं आणि कुत्री ते रात्रीतच पसरवतात आणि उताराने ते ओढ्यात जातं. पोती बांधून परत आणा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात येणाऱ्या घंटागाडीला द्या.